फ्रँक रोझेनब्लॅट : पर्सेप्ट्रॉनपलीकडचा संशोधक

अश्मक

मशीन लर्निंगच्या पाठ्यपुस्तकांत फ्रँक रोझेनब्लॅट यांचे नाव साधारणपणे दोन वाक्यांपुरते येते. १९५८ च्या सुमारास त्यांनी पर्सेप्ट्रॉन नावाचे शिकणारे यंत्र मांडले, हे पहिले वाक्य. १९६९ साली मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांनी आपल्या पुस्तकात त्या यंत्राला एक्सऑरसारखे (दोन गोष्टींपैकी नेमकी एक असेल तरच ‘होय’ म्हणण्याचे) साधे कोडेही सुटत नाही हे सिद्ध केले आणि तो विषय तिथेच थांबला, हे दुसरे. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत पर्सेप्ट्रॉनवर प्रश्न आला, तर तोही बहुतेक वेळा याच दुसऱ्या वाक्यावर बेतलेला असतो. या दोन वाक्यांमुळे एका असामान्य संशोधकाची ओळख पुसली जाते आणि त्याच्या कामाचा हेतूच चुकीचा सांगितला जातो, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या आयुष्याबद्दल आणि कामाबद्दल सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

रोझेनब्लॅट यांचा जन्म ११ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील न्यू रोशेल येथे झाला. शालेय शिक्षण ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये झाले. पुढे ज्यांच्याशी त्यांचा वाद झाला ते मिन्स्कीही जवळपास त्याच काळात त्याच शाळेत होते. कॉर्नेल विद्यापीठातून १९५० साली पदवी आणि १९५६ साली पीएचडी त्यांनी मिळवली, आणि ही पीएचडी गणितातली किंवा अभियांत्रिकीतली नसून मानसशास्त्रातली होती. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मानसशास्त्रीय प्रश्नावल्यांच्या विश्लेषणासाठी त्यांनी विद्यार्थिदशेतच एक खास यंत्र तयार केले होते. म्हणजे यंत्र बांधण्याची हौस आधीपासून होती, पण प्रश्न मनाचा होता.

त्यानंतर ते बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत रुजू झाले. पर्सेप्ट्रॉनवरचा पहिला अहवाल तिथूनच जानेवारी १९५७ मध्ये निघाला, आणि १९५८ साली त्यांचा प्रसिद्ध निबंध ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. मेंदूत माहिती कशी साठवली जाते आणि कशी रचली जाते, याचे एक संभाव्यताधिष्ठित प्रारूप मांडणे हा त्या निबंधाचा विषय होता आणि शीर्षकातही तसेच म्हटले होते. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलेली कल्पना, म्हणजे मेंदूतल्या एकत्र सक्रिय होणाऱ्या पेशींमधले दुवे बळकट होतात ही, त्यांच्यासमोर होती. मॅककलक आणि पिट्स यांच्या १९४३ च्या प्रारूपात मात्र पेशींची जोडणी आधीच ठरवून दिलेली असे. रोझेनब्लॅट यांना असे जाळे हवे होते, ज्याची सुरुवातीची जोडणी बरीचशी यादृच्छिक असेल आणि जे अनुभवातून स्वतःला घडवेल.

मार्क १ पर्सेप्ट्रॉन हे प्रत्यक्षातले यंत्र १९६० साली लोकांना दाखवले गेले. त्यात २० बाय २० अशा मांडणीत ४०० प्रकाशसंवेदी घट होते, त्यांच्यामागे घटांकडून आलेले संकेत एकत्र करणारे ५१२ साहचर्य-घटक आणि शेवटी उत्तर देणारे ८ प्रतिसाद-घटक. घट आणि साहचर्य-घटक यांच्यातल्या तारा एका फळीवर मुद्दाम वेड्यावाकड्या खोचलेल्या असत. शिकणे घडत असे ते साहचर्य-घटक आणि प्रतिसाद-घटक यांच्यामध्ये. तिथला प्रत्येक भार, म्हणजे एखाद्या संकेताला किती महत्त्व द्यायचे तो आकडा, हा एक पोटेन्शिओमीटर (फिरवून विद्युतरोध कमी-जास्त करता येणारा भाग) असे, आणि यंत्र चुकले की छोट्या विजेच्या मोटरी ते पोटेन्शिओमीटर फिरवत. आज आपण ज्याला ‘भार अद्ययावत करणे’ म्हणतो, ती क्रिया त्या खोलीत मोटरींच्या आवाजासह कानांनी ऐकू येत असणार. हे यंत्र आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

उत्तररात्र

विषय उत्तम निवडला आहे. मात्र रोझेनब्लॅट यांच्यावर अन्याय झाला असे म्हणताना, त्या अन्यायाची बीजे कशी पेरली गेली हेही पाहायला हवे, असे मला वाटते.

जुलै १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाने वॉशिंग्टनमध्ये पर्सेप्ट्रॉनचे प्रात्यक्षिक आयोजित केले. तेव्हा मार्क १ तयार नव्हते, त्यामुळे हवामान खात्याच्या आयबीएम ७०४ या संगणकावर त्याची नक्कल चालवण्यात आली. काही कार्डांवर डावीकडे खूण होती आणि काहींवर उजवीकडे, आणि सुमारे ५० प्रयत्नांनंतर संगणक त्यांतला फरक ओळखू लागला. प्रात्यक्षिक एवढेच होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीत मात्र पुढे चालणारे, बोलणारे, पाहणारे, लिहिणारे, स्वतःची प्रतिकृती निर्माण करणारे आणि स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव असलेले यंत्र यातून घडेल, अशी नौदलाची अपेक्षा असल्याचे छापून आले.

डाव्या-उजव्या खुणेतला फरक शिकणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, हे मी मान्य करतो. परंतु त्याच वेळी एमआयटी आणि अन्य ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा मार्ग, म्हणजे चिन्हे आणि तर्क यांवर आधारलेला मार्ग, चोखाळणारे लोक होते आणि त्यांनाही त्याच लष्करी निधीतून पैसा हवा होता. वर्तमानपत्रांतल्या अशा अपेक्षांनी त्यांचा रोष ओढवला नसता तरच नवल. पत्रकारांनी अतिशयोक्ती केली हे खरे, पण पत्रकार परिषदेत बोलणाऱ्या संशोधकाची त्यात काहीच जबाबदारी नसते असे मला म्हणता येत नाही. आजही मशीन लर्निंगमध्ये काम करणाऱ्यांनी हा प्रसंग गांभीर्याने वाचायला हवा.

अश्मक

उत्तररात्र, आपला मुद्दा रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्यात एक भर घालतो. १९६२ साली रोझेनब्लॅट यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ न्यूरोडायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी वृत्तपत्रांच्या उतावीळपणाबद्दल उघडपणे नापसंती नोंदवली आहे आणि पर्सेप्ट्रॉन हे प्रथम मेंदूचे प्रारूप आहे, आकृती ओळखण्यासाठी लावलेला शोध नव्हे, असे निःसंदिग्धपणे लिहिले आहे. नैसर्गिक बुद्धीच्या मुळाशी कोणत्या भौतिक रचना आणि कोणते नियम आहेत, हे शोधणे हा त्यांचा कार्यक्रम होता. १९५८ मधल्या गाजावाजाचा हिशेब करताना १९६२ मधली ही प्रांजळ भूमिकाही त्यांच्या बाजूला मांडली पाहिजे.

शून्यलब्धी

मी महाविद्यालयात हा विषय शिकवते, त्यामुळे गणिताच्या बाजूने थोडे लिहिते. एक्सऑरची गोष्ट जशी सांगितली जाते, तशी ती रोझेनब्लॅट यांच्या पर्सेप्ट्रॉनला लागूच होत नाही.

आधी नियम पाहू. यंत्रासमोर एक नमुना येतो. प्रत्येक इनपुटला त्याच्या भाराने गुणून बेरीज केली जाते आणि ती उंबरठ्याच्या वर गेली तर उत्तर ‘होय’, नाहीतर ‘नाही’. उत्तर बरोबर असेल तर काहीही बदलायचे नाही. ‘होय’ म्हणायला हवे असताना ‘नाही’ म्हटले, तर तो नमुना भारांमध्ये मिळवायचा, उलट झाले तर वजा करायचा. एवढाच नियम आहे. दोन्ही वर्ग एका सपाट पृष्ठाने वेगळे करता येत असतील, तर या नियमाने यंत्र ठरावीक मर्यादेत चुका करून थांबते, असा सिद्धांत आहे. १९६२ साली नोविकॉफ यांनी दिलेली त्याची सिद्धता फार देखणी आहे : सर्वांत दूरच्या नमुन्याचे अंतर भागिले विभाजक पृष्ठाभोवतीची मोकळी जागा, या भागाकाराच्या वर्गापेक्षा जास्त चुका होऊ शकत नाहीत. नमुन्यात किती इनपुट आहेत याच्याशी त्या मर्यादेचा थेट संबंध नाही.

आता एक्सऑर. दोन इनपुट आहेत आणि दोहोंपैकी नेमके एक चालू असेल तरच उत्तर ‘होय’ हवे आहे. पहिल्याचा भार क, दुसऱ्याचा ख आणि उंबरठ्याऐवजी बेरजेत मिळवायचे स्थिर पद ग धरू; एकूण बेरीज धन आली तर ‘होय’. दोन्ही बंद असताना ‘नाही’ हवे, म्हणून ग शून्य किंवा ऋण. फक्त पहिला चालू असताना ‘होय’ हवे, म्हणून क + ग धन. तसेच ख + ग धन. या दोन धन राशी मिळवल्या तर क + ख + २ग धन येते, म्हणजेच क + ख + ग ही बेरीज उणे ग पेक्षा मोठी, आणि उणे ग तर शून्य किंवा धन आहे. त्यामुळे दोन्ही चालू असतानाही यंत्र ‘होय’ म्हणणार, आणि आपल्याला तर तिथे ‘नाही’ हवे होते. सिद्धता येथे संपते.

परंतु हे सारे इनपुट थेट उत्तराला जोडलेले असतील तरच खरे आहे. रोझेनब्लॅट यांच्या यंत्रात मध्ये साहचर्य-घटकांचा थर होता. त्यातला एखादा घटक ‘दोन्ही चालू आहेत’ एवढे ओळखणारा असेल, तर त्याला मोठा ऋण भार दिला की एक्सऑर सुटते. पुरेसे साहचर्य-घटक असतील तर कोणतेही वर्गीकरण साधणारे पर्सेप्ट्रॉन अस्तित्वात असते, हे त्यांनी १९६२ च्या ग्रंथात सिद्ध केले आहे. मिन्स्की आणि पॅपर्ट यांनाही हे ठाऊक होते. त्यांनी विचारलेला प्रश्न अधिक खोल होता : प्रत्येक साहचर्य-घटकाला दृष्टिपटलाचा, म्हणजे यंत्राच्या प्रकाशसंवेदी घटांच्या पटलाचा, थोडाच भाग दिसत असेल, तर काय साधेल आणि काय साधणार नाही? चालू बिंदूंची संख्या सम आहे की विषम, हे ठरवायला निदान एक घटक सर्व बिंदू पाहणारा असावाच लागतो. आकृती अखंड आहे की तुकड्यांची, हे ठरवायला लागणारी व्याप्तीसुद्धा दृष्टिपटलाच्या आकाराबरोबर वाढत जाते. ही प्रमेये खरोखर सुंदर आहेत आणि वादाच्या पलीकडे त्यांची किंमत आहे. एक्सऑर ही त्यांची फारच सोपी करून सांगितलेली सावली आहे, आणि परीक्षेत आपण तीच विचारतो.

रानवारा

गणित वाचून आनंद झाला. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि रोझेनब्लॅट हे नाव मला मशीन लर्निंगमुळे नव्हे, तर परग्रहांच्या शोधामुळे माहीत झाले होते. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे कळायला पुष्कळ काळ गेला.

कॉर्नेल विद्यापीठ जिथे आहे त्या इथाकाजवळच्या ब्रुकटनडेल येथे त्यांनी घरामागच्या टेकडीवर वेधशाळा बांधली होती. १९७१ साली ‘इकारस’ या ग्रहविज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, ज्यात दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह दोन रंगांतील प्रकाशमापनाने शोधण्याची पद्धत मांडली आहे. कल्पना अशी, की ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, पण तेवढ्याने खात्री पटत नाही, कारण पृथ्वीच्या वातावरणामुळेही तारा मंद-तेजस्वी होत राहतो. ताऱ्याच्या बिंबाची कड मध्यापेक्षा जरा लालसर असते. त्यामुळे ग्रह कडेवर असताना उरलेला प्रकाश थोडा निळसर होतो आणि मध्यावर आला की थोडा लालसर. रंगाच्या या ठरावीक चढउतारावरून ग्रहाची खूण पटवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या माणसाने गोंगाटातून आकृती ओळखणारे यंत्र बांधले, त्याच्याच डोक्यात ही युक्ती यावी हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

त्या काळी असा एकही ग्रह सापडलेला नव्हता. विल्यम बोरुकी यांनी १९८४ मध्ये अधिक्रमणाच्या, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या, पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात रोझेनब्लॅट यांच्या कामाची दखल आहे, आणि बोरुकी यांच्याच चिकाटीतून पुढे २००९ साली केपलर दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या निरीक्षणांतून अडीच हजारांहून अधिक ग्रह निश्चित झाले.

मानसवेध

त्यांच्या शेवटच्या वर्षांतले उंदरांवरचे प्रयोग कोणी सांगितले नाहीत, म्हणून लिहितो.

१९६० च्या दशकात जेम्स मॅककॉनेल यांच्या चपट्या कृमींवरील प्रयोगांमुळे अशी कल्पना पसरली होती, की शिकलेली गोष्ट मेंदूतल्या रसायनांत साठते आणि ती एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते. रोझेनब्लॅट यांच्या दृष्टीने हा आवडीनावडीचा प्रश्न नव्हता. स्मृती जर रेणूंमध्ये साठत असेल, तर ती पेशींच्या जोडण्यांमध्ये साठते हे त्यांच्या साऱ्या प्रारूपांचे मूळ गृहीतकच हादरले असते. त्यांनी उंदरांना शिकवले, त्यांच्या मेंदूचा अर्क न शिकलेल्या उंदरांना टोचला आणि फरक पडतो का ते तपासले. १९६६ साली ‘नेचर’मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध असे हस्तांतरण होत असल्याच्या बाजूने होता.

मला त्यांच्याबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो यापुढच्या भागासाठी. त्यांनी तिथे न थांबता प्रयोग अधिक काटेकोर केले, पुन्हा पुन्हा केले, आणि सुरुवातीला सांगितले गेलेले मोठे परिणाम चुकीचे आहेत, हस्तांतरण होत असलेच तर ते अत्यल्प आहे, असा निष्कर्ष मांडला. स्वतःच्या गाजलेल्या निबंधाला छेद देणारा निकाल मिळवण्यासाठी अनेक वर्षे खर्च करणे हे प्रयोगशास्त्रज्ञाचे खरे काम आहे. आपले प्रारूप वाचते की नाही यापेक्षा मेंदूत नेमके काय घडते याची त्यांना अधिक ओढ होती, हे अश्मक यांचे म्हणणे या प्रकरणात मला सर्वांत स्पष्ट दिसते.

उत्तररात्र

मानसवेध, ही माहिती मला नव्हती. १९५८ च्या बातमीवरून तयार झालेले माझे मत यामुळे बरेच बदलले आहे.

अश्मक

सर्वांचे मनापासून आभार. एक मोठा भाग राहिला आहे, तो म्हणजे १९६९ नंतर काय झाले.

मिन्स्की स्वतः १९५१ मध्ये डीन एडमंड्स यांच्यासोबत न्यूरल नेटवर्कचे, म्हणजे कृत्रिम मेंदूपेशींच्या जाळ्याचे, यंत्र बांधलेले गृहस्थ होते आणि त्यांची पीएचडीही त्याच विषयावरची होती, त्यामुळे बाहेरच्या माणसाने केलेली टीका असे त्यांच्या पुस्तकाबद्दल म्हणता येत नाही. त्यात अनेक थरांच्या जाळ्यांबद्दल प्रमेय नाही. त्या दिशेने काही हाती लागेल असे आम्हाला वाटत नाही, आणि हे मत कोणी तरी सिद्ध करावे किंवा खोडून काढावे, एवढाच लेखकांचा अभिप्राय आहे. वाचकांनी मात्र तो अभिप्राय प्रमेयाच्या तोलाचा मानला. त्यातच अमेरिकी कायद्यातल्या मॅन्सफील्ड दुरुस्तीने संरक्षण खात्याचा पैसा थेट लष्करी उपयोगाच्या संशोधनापुरता मर्यादित केला. नौदलाच्या निधीवर वाढलेल्या मूलभूत कामाला या वातावरणाची झळ बसली. साऱ्या गोष्टीचा दोष एका पुस्तकावर टाकणे मला म्हणूनच पटत नाही.

रोझेनब्लॅट तोवर कॉर्नेलमध्ये मेंदूविज्ञान शिकवत होते. मेंदूच्या यंत्रणांवरचा त्यांचा वर्ग अभियांत्रिकी आणि मानव्यविद्या अशा दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना ओढून आणत असे. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या युजीन मॅकार्थी या अध्यक्षपदाच्या इच्छुक उमेदवाराच्या प्रचारात ते उतरले होते. ज्यांच्या संशोधनाचा आरंभच नौदलाच्या पैशावर झाला, त्यांनी असे करणे हे त्यांच्या स्वतंत्र वृत्तीचे लक्षण आहे. ११ जुलै १९७१ रोजी, आपल्या ४३ व्या वाढदिवशी, चेसापीक उपसागरात नौकाविहार करताना अपघात होऊन त्यांचा मृत्यू झाला. मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी आपल्या पुस्तकाच्या पुढच्या मुद्रणात ते रोझेनब्लॅट यांच्या स्मृतीस अर्पण केले. टीकेला उत्तर देण्यासाठी रोझेनब्लॅट यांना फारसा काळ मिळाला नाही, याची मला मनस्वी हळहळ वाटते.

शून्यलब्धी

विषय १९६९ मध्ये थांबला हे विधान अमेरिकेबाहेर पाहिले तर आणखीच डळमळते. मॉस्कोच्या नियंत्रणशास्त्र संस्थेत आयझरमन, ब्रेव्हरमन आणि रोझोनोएर यांनी १९६४ मध्येच पर्सेप्ट्रॉनचा नियम वक्र पृष्ठांसाठी वाढवला होता. त्याच संस्थेतले व्लादिमीर वापनिक आणि अलेक्सेय चेर्व्होनेन्किस यांना नोविकॉफ यांच्या सिद्धांतात शिकण्याच्या सामान्य सिद्धांताचा आरंभ दिसला, १९७१ मध्ये त्यांचा गाजलेला निबंध आला, आणि त्या वाटेने जाता जाता १९९२ मध्ये सपोर्ट व्हेक्टर मशीन ही वर्गीकरणाची पद्धत वक्र पृष्ठांसाठी सिद्ध झाली. जपानमध्ये शुनइची अमारी १९६७ पासून अनेक थरांच्या जाळ्यांना उताराच्या पद्धतीने, म्हणजे चूक कमी होईल त्या दिशेने भार थोडे थोडे सरकवून, शिकवण्याचा विचार करत होते.

पाणंद

मी विद्यार्थी आहे आणि हा धागा सलग वाचला. एक शंका आहे. रोझेनब्लॅट यांना मधल्या थरांचे महत्त्व ठाऊक होते, मग त्या थरांचे भार शिकवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही का? बॅकप्रोपगेशन, म्हणजे उत्तरातली चूक मागच्या थरांकडे पोचवून त्यांचे भार सुधारण्याची पद्धत, १९८६ पर्यंत का थांबली?

शून्यलब्धी

प्रश्न अगदी योग्य आहे. त्यांनी प्रयत्न केला होता. १९६२ च्या ग्रंथात एक प्रकरणच चुकीची दुरुस्ती मागे पसरवण्याच्या पद्धतींवर आहे आणि ‘बॅक-प्रोपगेटिंग’ हा शब्दप्रयोगही तिथे आहे. अडचण घटकांच्या स्वरूपात होती. त्यांचे घटक उंबरठा ओलांडला की एकदम शून्यावरून एकावर जात. भार थोडासा बदलला तर उत्तर बहुधा अजिबात बदलत नाही आणि बदलले तर एकदम उलटते, त्यामुळे मधल्या थरातल्या कोणत्या भाराला चुकीचा किती वाटा द्यायचा हे मोजायला उतारच हाती येत नाही. त्यांनी म्हणून तो वाटा संभाव्यतेने, म्हणजे काही प्रमाणात यदृच्छेने, वाटून देण्याचे नियम करून पाहिले. लहान जाळ्यांत ते चालत, पण अभिसरणाची, म्हणजे शिकणे शेवटी योग्य उत्तरावर येऊन थांबेल याची, खात्री देणारा सिद्धांत त्यांना मिळाला नाही.

१९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी उंबरठ्याच्या जागी हळूहळू चढणारे फलन वापरून कलनशास्त्रातल्या साखळी नियमाने उतार काढला आणि मधले थर उपयुक्त गुणधर्म आपोआप शिकतात हे ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. त्यांच्याआधीही काहींनी या पद्धतीचे गणित मांडले होते. रुमेलहार्ट हे मानसशास्त्रज्ञ होते आणि हिंटन यांची पदवीही प्रायोगिक मानसशास्त्रातली आहे, तेव्हा रोझेनब्लॅट यांचा प्रश्न त्यांच्याच विद्याशाखेतल्या लोकांनी पुढे नेला असे म्हणता येईल. आपण करून पाहणार असाल, तर एक छोटा प्रोग्राम लिहा : मधला थर यादृच्छिक आणि गोठवलेला ठेवा, फक्त शेवटच्या थराचे भार पर्सेप्ट्रॉनच्या नियमाने शिकवा, आणि हाताने लिहिलेले देवनागरी अंक त्याला दाखवा. मधल्या घटकांची संख्या वाढवत न्या आणि अचूकता कशी बदलते ते नोंदवा. मार्क १ ची रचना नेमकी हीच होती.

पाणंद

धन्यवाद. हा प्रयोग नक्की करतो आणि जमले की आकडे याच धाग्यावर देतो. मधल्या थरात उंबरठा ठेवायचा की हळूहळू चढणारे फलन, हे दोन्ही प्रकारे करून पाहावे असे वाटते.

शून्यलब्धी

दोन्ही करा. मधला थर गोठवलेला असेल तोवर फलन कोणते याने फारसा फरक पडू नये, असा माझा अंदाज आहे. तो थर शिकवायला घ्याल तेव्हा उंबरठ्याने वाट कशी अडते हे आकड्यांत दिसेल.